गाणे गेले नाही, आपण उठून गेलो

‘ग्वाल्हेरात आता पूर्वीचे गाणे राहिले नाही,’ हे वाक्य आपल्या मराठी घरांतून मुंजीच्या पंगतीपासून तेराव्याच्या पंगतीपर्यंत कोठेही ऐकू येते. ते उच्चारणाऱ्याचा आवाज किंचित ओला होतो, ऐकणारा मान हलवतो, पणजोबांच्या माडीवर कोण कोण गाऊन गेले याची उजळणी होते आणि विषय लग्नाच्या स्थळांकडे वळतो. वाक्याला दुःखाचा सूर असल्यामुळे त्याची कोणी उलटतपासणी करीत नाही. ती करण्याची वेळ आली आहे. माझे म्हणणे असे की हे वाक्य साफ खोटे आहे, आणि आपल्याला सोयीचे असल्यामुळे ते टिकून आहे. गाणेच उरले नाही असे एकदा ठरवून टाकले की ऐकावयास जाण्याची जबाबदारीही उरत नाही.

पुरावा म्हणून गेल्या माघातील एकच शनिवार-रविवार घेऊ. ते दोन दिवस कोणत्याही उत्सवाचे नव्हते. तानसेन समारोह होऊन महिना उलटला होता. तरीही त्या दोन दिवसांत याच शहरात मला पाच ठिकाणी समोर बसून गाणे ऐकता आले, आणि सहावे वेळ जुळेना म्हणून सुटले.

शनिवारी दुपारी चार वाजता एका संगीत विद्यालयात विद्यार्थ्यांची मासिक सभा होती. सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलीने भीमपलास मांडला. आवाज अजून पक्का नव्हता; पण कोमल निषादावरून षड्जावर येताना ती घाई करीत नव्हती, आणि आजच्या दिवसांत हे थोडे नाही. पालक आपापल्या अपत्याचे गाणे मोबाईलमध्ये टिपून घेत आणि ते संपताच अपत्यासह घरी जात. ही मुलगी शेवटी गायली. तिच्या वाट्याला तिची आई, दोन शिक्षक आणि मी, एवढाच श्रोतृवृंद आला.

सायंकाळी एका मोठ्या सभागृहात बाहेरगावच्या नामांकित कलावंताचा कार्यक्रम होता, प्रवेश निमंत्रणपत्रिकेने. वेळ सहाची, दीपप्रज्वलन सव्वासातला झाले. मग सत्कार, सत्काराला उत्तर, आणि उत्तराबद्दल आभार. ‘पाहुणे स्थिरस्थावर होईपर्यंत’ आपल्या गावच्या एका गायकाला वीस मिनिटे देऊ केली होती. यमनची अस्ताई भरते न भरते तोच व्यासपीठाच्या कडेने चिठ्ठी आली. बुवांनी ती वाचली, तबलजीकडे पाहिले, द्रुत चीज उचलली आणि दहाव्या मिनिटाला नमस्कार केला. त्या दहा मिनिटांत पहिल्या तीन रांगांतील सोफ्यांवर कोणीही नव्हते. ज्यांच्यासाठी ते राखून ठेवले होते ती मंडळी सत्कारानंतरच निघून गेली होती.

रात्री लष्करातील एका जुन्या वाड्याच्या माडीवर घरगुती बैठक होती. ध्वनिक्षेपक नाही, दोन तंबोरे, पेटी, तबला, आणि जाजमावर शाली पांघरून बसलेली माणसे. अकराला मालकंस सुरू झाला, तो साडेबाराला संपला. श्रोते सतरा. त्यांत मराठी चार. बाकीचे एक सराफ, दोन शाळामास्तर, बँकेतील एक गृहस्थ आणि काही विद्यार्थी, सारे हिंदीभाषक. दाद योग्य जागी पडत होती.

रविवारी सकाळी नऊला आपल्याच एका मंडळाच्या सभागृहात प्रातःकालीन रागांची सभा झाली. शाळेतून निवृत्त झालेले एक संगीतशिक्षक गायले: प्रथम देसकार, मग तोडी, शेवटी भैरवीतील टप्पा. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात तेवीस माणसे होती. शेजारच्या खोलीत बेडई आणि जिलबीची व्यवस्था होती. तेथील डोकी मी मोजली नाहीत, पण रांग दारापर्यंत आली होती.

रविवारीच संध्याकाळी एका दत्तमंदिरात महिलांच्या भजनी मंडळाचे भजन झाले. तेथे उभे राहावयास जागा नव्हती. त्याकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे, कारण आपल्या दुखण्यावरचे औषध त्या मंदिरात सापडते.

एका साध्या आठवड्याअखेरीस जे शहर भीमपलासपासून टप्प्यापर्यंत एवढे ऐकवते, त्या शहरात गाणे नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? गाणे आहे. कमी पडला आहे तो ऐकणारा. आणि त्यातही ज्याच्या तोंडी घराण्याचा अभिमान सर्वांत मोठा, तोच मराठी ऐकणारा.

हा अभिमान कशाचा, तेही आठवून पाहावे. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ शिंद्यांच्या दरबारी होते. त्यांची विद्या मराठी माणसाकडे आपोआप आली नाही. ती मिळवण्यासाठी माणसांनी हाल सोसले. वासुदेवबुवा जोशी हस्सू खाँसाहेबांकडे शिकले, आणि त्यांच्याकडून ती विद्या घेण्यासाठी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दूरदेशीहून येथवर आले. बाळकृष्णबुवांकडून ती विष्णु दिगंबर पलुस्करांकडे गेली आणि तेथून साऱ्या हिंदुस्थानात. इकडे शंकर पंडितांनी निसार हुसेन खाँसाहेबांना आपल्या घरात ठेवून घेतले आणि त्यांची गायकी आत्मसात केली. त्या काळात ब्राह्मणाच्या घरी मुसलमान उस्तादांचे बिऱ्हाड असणे ही काय गोष्ट होती, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. त्याच शंकर पंडितांच्या नावाने त्यांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांनी १९१४ साली येथे गांधर्व महाविद्यालय काढले. १९१८ साली माधवराव महाराजांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राजाभैया पूंछवाल्यांनी ते सांभाळले.

या साऱ्या इतिहासात गायक, गुरू, राजा आणि विद्यालय यांची नावे येतात. श्रोत्याचे नाव कोठेच येत नाही, आणि त्यामुळे आपला एक मोठा गैरसमज झाला आहे. श्रोता ही हवेसारखी आपोआप मिळणारी वस्तू आहे, असे आपण धरून चाललो. दरबार होता तोवर हे खपले. राजा बिदागी देत असे. श्रोत्याने फक्त मान डोलवावयाची. १९४८ साली मध्य भारत राज्य झाले आणि दरबार सरला. त्याच्या जागी शासन आले, आकाशवाणी आली, विद्यालयांतील नोकऱ्या आल्या. आपण तसेच मान डोलवीत बसलो. खिशात हात घातला नाही. राजाची जागा रिकामी होती आणि ती भरून काढणे हे श्रोत्याचे काम होते, ही जाणीव आपल्याला पाऊणशे वर्षांत झाली नाही.

ज्याला झाली तो आपल्याच परंपरेतला होता. विष्णु दिगंबरांनी राजाश्रयावर विसंबणे सोडले आणि तिकीट लावून जाहीर जलसे केले. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे राहिले ते दरबारी नेमणुकीवर नव्हे, लोकांच्या पैशावर: वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर. त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो. त्यांनी तिकीट लावले होते, एवढे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

आता पासांकडे येतो. तीसहून अधिक वर्षांच्या शासकीय नोकरीत निरनिराळ्या जिल्ह्यांच्या ठिकाणी महोत्सवांच्या बैठकव्यवस्थेचे काम माझ्याकडे अनेकदा आले. त्यामुळे पास ही काय चीज आहे, हे मी आतून पाहिले आहे. कार्यक्रम सर्वांना खुला असला तरी ‘पुढचा पास’ हवा असतो. त्यासाठी चिठ्ठ्या येतात, दूरध्वनी येतात, मेहुण्याच्या ओळखी निघतात. एका ठिकाणी तर ज्या साहेबांसाठी दोन पासांवरून तीन वेळा निरोप आले, त्यांच्या जागेवर प्रत्यक्षात त्यांचा वाहनचालक येऊन बसला. तो गाणे शेवटपर्यंत ऐकून गेला, ही त्यातली समाधानाची बाब. दोरीच्या पलीकडे सतरंजीवर बसलेल्या माणसांना मात्र राग ओळखू येत होता. पासाने माणूस जवळ बसतो. जवळ बसल्याने ऐकू येते असे नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची वेळ पाळावी लागत नाही, ती अर्ध्यावर सोडताना जिवाला काही वाटत नाही, आणि ती मिळाली नाही तर अपमान मात्र वाटतो. फुकट्या श्रोत्याचे सगळे दुर्गुण या तीन गोष्टींतून जन्मतात.

तानसेन समारोहाविषयी माझी तक्रार नाही. १९२४ साली उरूस म्हणून सुरू झालेला हा उत्सव २०२४ साली शंभराव्या वर्षात पोहोचला. समाधीपाशी अजून हरिकथा आणि मिलाद एकाच सकाळी होतात. शासनाने त्यावर खर्च करावा, प्रवेश मुक्त ठेवावा, हे योग्यच. पण तो वर्षातील मोजक्या दिवसांचा उत्सव आहे. उरलेल्या साडेतीनशेहून अधिक दिवसांचे काय? २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला किल्ल्यावर १,२८२ तबलावादकांनी एकत्र वादन केले आणि गिनीज विक्रमात नोंद झाली. छायाचित्रे सुंदर आली. मला त्या वेळी एकच प्रश्न पडला आणि तो अजून सुटलेला नाही: हे एवढे हात पुढच्या शनिवारी कोठे वाजवणार होते? विक्रमाला संख्या लागते. तबल्याला समोर गाणारा लागतो, गाणाऱ्याला समोर बसणारा लागतो, आणि तो बसणारा शासन कोणत्याही निविदेने पुरवू शकत नाही.

स्थानिक मैफल का हवी, याचे आणखी एक कारण आहे आणि ते खुद्द रागांशी जोडलेले आहे. आपले राग प्रहरांना बांधलेले. बड्या कलावंतांचे कार्यक्रम मात्र, त्यांच्या प्रवासाच्या आणि पाहुण्यांच्या सोयीने, बहुतेक सायंकाळी सहा ते दहा याच वेळात होतात. म्हणून वर्षानुवर्षे आपल्या कानांवर यमन, पूरिया धनाश्री, मारवा, बिहाग, फार तर बागेश्री एवढेच येत राहते. सकाळची तोडी, दुपारचा शुद्ध सारंग, तिसऱ्या प्रहराचा भीमपलास, मुलतानी यांना त्या घड्याळात जागाच नाही. उत्तररात्रीचे तर विचारूच नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली. वर्षातील मोजक्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा शासनाला आहे. नियम योग्य आहे. आजारी माणसाची झोप गाण्याहून मोठी आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की मंडपात पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफली संपल्या, आणि मालकंस, दरबारी, अडाणा, सोहनी यांना त्यांच्या वेळी ऐकण्याची जागा आता एकच उरली: ध्वनिक्षेपकाशिवाय चालणारी घरातील बैठक. दुपारच्या रागांना विद्यालयाची सभा आणि सकाळच्या रागांना मंडळाची रविवारची सभा, अशा या तीन लहान जागा आहेत. त्या बंद पडल्या तर निम्मे रागसंगीत घड्याळाबाहेर फेकले जाईल आणि पुस्तकात राहील. माघातील त्या दोन दिवसांत भीमपलास, मालकंस आणि तोडी मी आपापल्या वेळी ऐकले, ते या तीन लहान ठिकाणीच. मोठ्या सभागृहाने मला दहा मिनिटे यमन दिला.

आता हिशेब. हिशेब पाहण्याची खोड नोकरीने लावली आहे. एका मंडळाच्या वार्षिक सभेत जमाखर्चाचा कागद वाटला गेला, तो मी वाचला. बहुतेक सभासद तो घडी करून खिशात ठेवतात. वर्षभरातील संगीतसभांच्या खर्चात फलक, हारतुरे, स्मृतिचिन्हे आणि अल्पोपाहार यांची बेरीज कलावंतांच्या मानधनापेक्षा अधिक होती. साथीदारांसाठी वेगळी ओळच नव्हती. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘ते बुवा आपल्यातून पाहून घेतात.’ म्हणजे दीड तास ठेका धरणाऱ्या तबलजीचा आणि सूर न सोडणाऱ्या पेटीवाल्याचा मोबदला हा गायकाच्या औदार्याचा प्रश्न! सभा संपली की बुवांच्या खांद्यावर शाल येते, हातात नारळ येतो आणि एक पाकीट येते. त्या पाकिटातून रिक्षाचे, साथीचे आणि तंबोऱ्याच्या जवारीचे पैसे वजा केले की बुवांपाशी शाल उरते. अशा शालींचे गठ्ठे आपल्या गावातील गायकांच्या घरी कपाटाच्या वर ठेवलेले मी पाहिले आहेत. शालीने दुकानदार पीठ देत नाही.

याचा शेवट कोठे होतो, तेही डोळ्यांसमोर आहे. ज्याचा मुलगा चांगला गात होता तो बुवा त्याला संगणकाच्या वर्गात घालतो, आणि आपण म्हणतो, ‘पाहा, घराण्यातलीच मुले गात नाहीत.’ कोणत्या तोंडाने गावे त्यांनी? भीमपलास गाणाऱ्या त्या मुलीची आई सभेनंतर शिक्षकांना विचारीत होती की यात पुढे काही आहे का. शिक्षक निरुत्तर होते. त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांपाशी नाहीच, ते तुमच्या-माझ्यापाशी आहे. आपण सभागृहात आलो आणि आपल्या प्रवेशमूल्यातून तिला तिच्या गाण्याचे पैसे मिळाले तर पुढे काही आहे. नाहीतर काही नाही.

यावर जे आक्षेप येतील ते मला पाठ आहेत.

पहिला आक्षेप दर्जाचा: ‘स्थानिक कलावंतांत तो दर्जा कुठे?’ स्थानिक हा शब्द आपण कमीपणाचा करून ठेवला आहे. कृष्णराव पंडितांचे घर १९८९ साली त्यांच्या निधनापर्यंत ग्वाल्हेरातच होते. राजाभैया येथल्याच विद्यालयात शिकवीत. म्हणजे आपापल्या काळी हे दोघेही स्थानिक कलावंतच. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले आणि १९९२ पर्यंत तेथेच राहिले. देवासच्या माणसांनी त्यांना ‘आमच्या गल्लीतले’ म्हणून टाळले असते तर? दर्जा गाण्यात आधी येतो आणि श्रोता मग जमतो, असा क्रम नसतो. गवई शंभर मैफलींत पिकतो. त्या शंभर मैफली त्याला त्याच्या गावानेच द्यावयाच्या असतात. मुंबई-पुण्याला तो पिकल्यावर लागतो.

दुसरा आक्षेप: ‘सगळे काही आता मोबाईलवर मिळते. भीमसेन, अमीर खाँ, किशोरी हवे तेव्हा ऐकतो. बाहेर कशाला जा?’ ध्वनिमुद्रण ही मोठी देणगी आहे, मीही ती घेतो. पण ध्वनिमुद्रित गवई तुमच्यासाठी काहीच बदलत नाही. समोरचा गवई तुमचा चेहरा पाहून एखादी जागा पुन्हा घेतो, दाद आली की आणखी एक आवर्तन थांबतो, श्रोते जाणते असतील तर चतरंग किंवा जुना तराणा काढतो. ऐकणाराही गाण्याचा भाग होतो, तो फक्त तेथेच. आणि ज्यांची ध्वनिमुद्रणे आज आपण ऐकतो ते सारे समोर बसलेल्या माणसांनी घडवले होते. आपण कोणालाच घडवले नाही तर आपले नातू कोणाची ध्वनिमुद्रणे ऐकणार?

तिसरा आक्षेप वयाचा आणि थंडीचा. माघातील धुक्यात म्हाताऱ्या माणसांनी बाहेर पडू नये, हे मान्य. परंतु त्याच महिन्यात लग्नाच्या स्वागतसमारंभांना आपण रात्री अकरापर्यंत उघड्या मैदानात, आईस्क्रीमची वाटी हाती धरून उभे असतो. तेथे थंडी वाजत नाही, कारण न गेल्यास रुसवा होतो. गवई रुसत नाहीत, एवढाच फरक. आणि म्हातारी माणसे खरोखरच येऊ शकत नसतील, तर घरातील तरण्यांना गाडी काढून त्यांच्यासह यावयास काय हरकत आहे? एका गाडीत चार जण येतात.

चौथा आक्षेप सर्वांत सोज्ज्वळ: ‘कलेला किंमत लावणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, शिवाय तिकिटाने गरीब रसिक बाहेर राहील.’ येथे मी दत्तमंदिराकडे वळतो. तेथे भजन झाल्यावर आरती झाली आणि तबक फिरले. ज्याने त्याने यथाशक्ती पैसे टाकले. एका आजींनी पदराच्या गाठीतून नाणे काढून टाकले. कोणालाही त्यात कलेचा किंवा देवाचा अपमान वाटला नाही. कीर्तनकाराला तबकातून बिदागी मिळते, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. ऐकले त्याचे द्यावे, हे आपल्या संस्कृतीत बसते. न देता ऐकावे, हे नंतर शिकलो. आणि मंदिर भरलेले का होते? तेथे येणारी प्रत्येक बाई टाळ घेऊन बसते, निदान ध्रुपद तरी म्हणते. तिचे त्या गाण्यात काहीतरी गुंतलेले असते. सभागृहातील श्रोत्याचे काहीच गुंतलेले नाही. ना आवाज, ना पैसा, ना वेळ. राहिला गरीब रसिक. त्याच्यासाठी आणि विद्यार्थ्यांसाठी मागच्या रांगा मोकळ्या ठेवता येतात. आजवर फुकट प्रवेशाचा लाभ गरिबांनी घेतलेला नाही. मोटारीतून येणाऱ्यांनीच घेतला आहे.

दोष केवळ ग्वाल्हेरचा आहे असे कोणी समजू नये. हे त्रैमासिक इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला आणि बेळगावलाही जाते. बडोद्याला मौलाबक्षांची संगीतशाळा १८८६ पासूनची. इंदूर अमीर खाँसाहेबांचे. बेळगावच्या मातीतून कुमार गंधर्व आले. प्रत्येक गावापाशी एक थोर नाव आहे आणि त्या नावाचा एक पुण्यतिथी-सोहळा आहे. आपापल्या गावी गेल्या शनिवार-रविवारी कोण गायले आणि समोर किती माणसे होती, एवढे वाचकांनी स्वतःस विचारावे. उत्तर समाधानकारक असेल तर त्या गावाने आम्हास शिकवावे. आम्ही आनंदाने शिकू.

आमच्या पिढीला हे टाळता येणार नाही, असे आणखी एका कारणाने वाटते. आपल्या नातवंडांची बोली हिंदी झाली आहे. घरात मराठी समजते, बोलली क्वचित जाते, लिहिली जवळजवळ जात नाही. भाषेची ही गळती थोपवण्यासाठी आपण वर्ग काढले, स्पर्धा घेतल्या. यश माफक आले. पण ज्या ओळखीमुळे या शहराने आपल्याला मान दिला, ती गाण्याची ओळख अजून आपल्या हाती आहे. त्या माडीवरच्या बैठकीत सतरांपैकी तेरा श्रोते हिंदीभाषक होते, याचा मला आनंदच आहे; घराणे हे कोणा एका जातीची किंवा भाषेची मिरास नव्हे, ते मुसलमान उस्तादांनी मराठी शिष्यांना दिले हे वर आलेच आहे. लाज वाटते ती उरलेल्या चारांची. वारसा ज्याने ऐकला त्याचा होतो. आपण न ऐकता वारस म्हणवून घेत राहिलो तर हे शहर एक दिवस नम्रपणे विचारील की आपण कोण.

म्हणून मंडळाच्या येत्या वार्षिक सभेसाठी मी एक ठराव लेखी दिला आहे. त्यातील कलमे अशी. मंडळाच्या प्रत्येक संगीतसभेला शंभर रुपये प्रवेशमूल्य असावे; मॉलमधील चित्रपटगृहात मक्याच्या लाह्यांना याहून अधिक पडतात. पास कोणालाही नसावा: आजी-माजी पदाधिकाऱ्यांना नाही, देणगीदारांना नाही, मलाही नाही. विद्यार्थ्यांना प्रवेश मुक्त असावा. जमलेली सर्व रक्कम कलावंतांना मिळावी, साथीदारांचा वाटा आधी ठरवून वेगळा द्यावा आणि तो जमाखर्चात वेगळ्या ओळीत दाखवावा. शाल, स्मृतिचिन्ह आणि फलक बंद करावेत. कार्यक्रम घोषित वेळी सुरू व्हावा. भाषणे गाण्यानंतर व्हावीत, म्हणजे ज्यांना ऐकावयाची असतील ते थांबतील. महिन्यातून एक सभा सकाळची आणि एक दुपारची असावी. बेडई-जिलबी ठेवावयाचीच असेल तर गाणे संपल्यावर ठेवावी.

पहिल्या दोन-तीन सभांना माणसे आणखी कमी होतील, हे मी गृहीत धरले आहे. तेवीसची चौदा होतील. पण ती चौदा माणसे पैसे देऊन आलेली असतील, वेळेवर आलेली असतील आणि भैरवी होईपर्यंत बसतील. चौदाशे रुपये पुरेसे नाहीत, हेही मला कळते. परंतु ते श्रोत्यांनी दिलेले चौदाशे असतील, आणि चौदांची चाळीस करण्याचे काम तेथून सुरू होईल. रिकाम्या सोफ्यांपासून कोणतेच काम सुरू होत नाही.

ठरावाला अनुमोदक हवा आहे. विरोध करू इच्छिणाऱ्या सभासदांनीही तो लेखी द्यावा आणि सोबत, गेल्या वर्षभरात आपण गावातील किती सभांना शेवटपर्यंत बसलो, तो आकडा लिहावा. माझा आकडा मी ठरावाखाली लिहिलेला आहे.